यादीत नसलेले फोटो

सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'रिक्वायरमेंट' हा शब्द देवासारखा असतो. कागदावर आहे ते करायचं, नाही ते करायचं नाही, आणि कुणी मध्येच "अहो, एवढं एक करून टाका ना" म्हणालं की 'स्कोपच्या बाहेर आहे' म्हणून हात जोडायचे. रोजची भाकरी याच शिस्तीवर मिळते, त्यामुळे तिला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण गेले काही शनिवार-रविवार मी अंतराळप्रवासाच्या इतिहासातले गाजलेले फोटो कुणी, कधी आणि कसे काढले याच्या मागे लागलोय, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येतेय. अंतराळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जी चित्रं चटकन येतात, त्यातली बरीचशी कुणाच्याही रिक्वायरमेंटमध्ये नव्हती. कुणीतरी हट्ट केला, कुणीतरी वेळेवर मान वळवली, म्हणून ती आपल्याला मिळाली.

सुरुवात अगदी मुळापासून करू. २४ ऑक्टोबर १९४६. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथून एक व्ही-२ रॉकेट उडालं. हे जर्मनांकडून युद्धात हाती लागलेलं अस्त्र. अमेरिकन सैन्याला त्याचा अभ्यास करायचा होता, आणि त्यात शास्त्रज्ञांना आपली उपकरणं ठेवू देत होते. त्या दिवशीचा पाहुणा होता ३५ मिलिमीटरचा एक चित्रपटाचा कॅमेरा, दर दीड सेकंदाला एक फोटो काढणारा. रॉकेट सुमारे १०५ किलोमीटर उंच गेलं आणि दगडासारखं खाली येऊन आपटलं. कॅमेऱ्याचा चेंदामेंदा झाला, पण फिल्म पोलादी डबीत होती, ती वाचली. तिच्यावर कृष्णधवल, दाणेदार, पण स्पष्ट दिसणारी पृथ्वीची वक्र कड होती, तिच्यावर ढग होते आणि पलीकडे काळंकुट्ट आकाश. त्याआधीचा विक्रम १९३५ सालच्या एका बलूनचा होता, जेमतेम २२ किलोमीटरचा.

आता वाटेल की एवढं पाहिल्यावर पुढे माणसं वर पाठवताना कॅमेरा ही पहिली वस्तू असेल. तर नाही! फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरणारा पहिला अमेरिकन ठरला. त्याने बरोबर नेलेला कॅमेरा त्याने स्वतः एका ड्रगस्टोअरमधून विकत घेतला होता. (आपल्याकडचं मेडिकल नव्हे, अमेरिकेतल्या ड्रगस्टोअरमध्ये खोकल्याच्या औषधापासून कॅमेऱ्यापर्यंत काहीही मिळतं.) हातमोजे घालून बटण दाबता यावं म्हणून त्या कॅमेऱ्याला एक मूठ जोडली, बस्स. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉली शिरा गेला, तो ह्यूस्टनच्या एका दुकानातून हॅसलब्लाड घेऊन. हा स्वीडिश कॅमेरा तोवर स्टुडिओतल्या फोटोग्राफरांचा लाडका होता. शिराच्या फोटोंचा दर्जा बघून नासाने तो कॅमेराच उचलला. अपोलोचे बहुतेक सगळे फोटो ज्या कॅमेऱ्यांनी काढले, त्यांची वंशावळ अशी एका दुकानाच्या काउंटरपाशी जाऊन थांबते.

*

आता १९६६. चंद्रावर माणूस उतरवायचा तर उतरायची जागा नीट बघून घ्यायला हवी, म्हणून नासाने 'लुनार ऑर्बिटर' नावाची पाच मानवरहित यानं पाठवायची ठरवली. या यानांची करामत ऐकण्यासारखी आहे. डिजिटल कॅमेरा ही भानगड तेव्हा नव्हती. यानातच कोडॅकची खरीखुरी फिल्म होती. ती यानातच धुतली जायची, मग प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने ओळीओळीने वाचली जायची आणि तो संदेश रेडिओवरून पृथ्वीवर यायचा. म्हणजे डार्करूम, स्कॅनर आणि फॅक्स, तिन्ही एकाच डब्यात घालून चंद्राभोवती फिरवत ठेवलेले!

पहिलं यान चंद्राभोवती फिरत असताना नासातल्या काही जणांच्या डोक्यात आलं, की ते जरा वळवून चंद्राच्या कडेवरून पृथ्वीचा फोटो घ्यावा. यान बनवणाऱ्या बोइंगच्या लोकांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं अजिबात चुकीचं नव्हतं. ठरवून दिलेलं काम नीट झालं तर जादा पैसे, असा करार होता. जागेच्या पाहणीसाठी पाठवलेलं यान मध्येच दुसरीकडे तोंड करून उभं करायचं आणि त्यात ते बिघडलं तर? आपल्यापैकी कुणीही हेच म्हटलं असतं. शेवटी काही बिपरीत झालंच तर तो तोटा सगळा कंपनीच्या गळ्यात पडणार नाही, असं नासाने समजावलं आणि गाडं पुढे सरकलं. २३ ऑगस्ट १९६६ रोजी यान वळलं. समोर खड्ड्याखड्ड्यांची चंद्राची कड आणि तिच्यावर अर्धवट उजळलेली पृथ्वी. चंद्राजवळून घेतलेला पृथ्वीचा हा पहिला फोटो. (योगायोग बघा, २३ ऑगस्टलाच, ५७ वर्षांनी, आपलं चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं.)

या फोटोला पुढे एक शेपूट आहे आणि मला विचाराल तर तेच जास्त भारी आहे. वर्तमानपत्रांत छापून आलं ते चित्र पट्ट्यापट्ट्यांचं आणि धुरकट होतं. पण यानाकडून आलेला मूळ संदेश चुंबकीय टेपवर साठवलेला होता आणि त्यात कितीतरी जास्त तपशील होता. पुढे या टेप टाकून द्यायची वेळ आली, तेव्हा नॅन्सी इव्हान्स या नासातल्या बाईंनी त्या टाकू दिल्या नाहीत. सुमारे १,५०० टेप! पण नुसत्या टेप असून काय उपयोग, त्या वाचायला यंत्र नको? ती यंत्रं म्हणजे अँपेक्स कंपनीची फ्रिजएवढी धुडं, जगात मोजकीच उरलेली. ती बाईंनी मिळवली आणि वर्षानुवर्षं घरच्या आवारात सांभाळली.

२००७ च्या सुमारास डेनिस विंगो आणि कीथ काउइंग या दोघांनी हे घबाड हाती घेतलं. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात मॅकडोनाल्डचं एक बंद पडलेलं दुकान होतं, तिथे बस्तान बसवलं. बर्गर भाजायच्या जागी चाळीस वर्षांपूर्वीची टेपयंत्रं! जुने भाग शोधून, दुरुस्त करून त्यांनी ती यंत्रं चालू केली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये १९६६ चा तोच फोटो नव्याने बाहेर आला, इतका स्वच्छ की १९६६ साली कुणी पाहिलाच नव्हता.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. अपोलो-११ चं चंद्रावरून आलेलं मूळ टीव्ही चित्रण असंच टेपवर होतं. त्या टेप शोधायला नासाने चौकशी नेमली आणि २००९ मध्ये निष्कर्ष सांगितला : टेपचा तुटवडा होता तेव्हा बहुधा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टीव्हीवर प्रक्षेपित झालेलं रूप शिल्लक आहे, पण चंद्रावरून आलं त्या दर्जाचं मूळ गेलं ते गेलंच. ज्याने पुसल्या तो काही खलनायक नव्हता. त्याला टेप हव्या होत्या आणि 'या जपा' असं त्याच्या कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. इकडे नॅन्सीबाईंच्या कागदावरही लिहिलेलं नव्हतं. फरक तेवढाच, आणि तो केवढा!

*

असो. आता सगळ्यात गाजलेल्या फोटोकडे येऊ. डिसेंबर १९६८, अपोलो-८. फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स ही चंद्राभोवती फिरणारी पहिली तीन माणसं. फोटोंची जबाबदारी अँडर्सकडे होती आणि त्याची यादी पक्की होती : पुढच्या मोहिमांना उतरायच्या जागा आणि चंद्राची पलीकडची बाजू. यादीत पृथ्वीला मान होता तो 'जमलं तर बघा' एवढाच. पहिल्या तीन फेऱ्यांत यानाच्या खिडक्या चंद्राकडे होत्या, त्यामुळे त्यांना पृथ्वी उगवताना दिसलीच नाही. चौथ्या फेरीत, २४ डिसेंबरला, बोरमन यान स्वतःभोवती वळवत होता आणि अँडर्सच्या खिडकीत अचानक ती आली. करड्या, मेलेल्या जमिनीच्या पलीकडून वर येणारी निळी-पांढरी पृथ्वी.

पुढचं मिनिटभराचं संभाषण यानातल्या टेपवर जसंच्या तसं आहे. अँडर्स थक्क होऊन ओरडतो. बोरमन गमतीने म्हणतो की हा फोटो काढू नकोस, आपल्या वेळापत्रकात नाही! अँडर्स हसतो आणि एक कृष्णधवल फोटो काढतो. मग त्याच्या लक्षात येतं की हे रंगीत हवं. लव्हेलकडे रंगीत रोल मागतो, लवकर दे, लवकर! लव्हेल शोधाशोध करतो. तोवर यान आणखी वळलेलं असतं आणि दृश्य खिडकीतून निसटतं. संपलं, गेलं, असं वाटतं. आणि मग पृथ्वी पुढच्या खिडकीत दिसते. खटॅक. २५० मिलिमीटरची लेन्स आणि अंदाजाने लावलेलं एक्स्पोजर. हा तो फोटो.

यातली एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चंद्र आपली एकच बाजू कायम पृथ्वीकडे ठेवून फिरतो, त्यामुळे चंद्रावर एका जागी उभं राहिलात तर पृथ्वी उगवतही नाही आणि मावळतही नाही, आकाशात जवळपास तिथल्या तिथे टांगलेली असते. तिचा 'उदय' दिसायला तुम्ही फिरत्या यानातच असायला हवं. म्हणजे हे दृश्य त्या तिघांच्या आधी कुणाही माणसाने पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

आणि फोटो नक्की काढला कुणी, यावर वर्षानुवर्षं वाद होता. बोरमन बरीच वर्षं आपणच काढला म्हणून सांगायचा. २०१३ मध्ये नासाच्या अर्नी राइट याने चंद्राचे नवे नकाशे, यानातलं संभाषण आणि त्याच वेळचे इतर फोटो एकत्र बसवून कॉम्प्युटरवर ती मिनिटं पुन्हा उभी केली. कुठल्या सेकंदाला कुठल्या खिडकीतून पृथ्वी दिसत होती, हे ताडून पाहिलं आणि निकाल लागला : रंगीत फोटो अँडर्सचाच. लॉग वाचून बग कुठे आहे ते शोधतात, तसलंच काम! फोटोत दिसणाऱ्या एका विवराला २०१८ मध्ये अँडर्सच्या या पृथ्वी-उदयाचं नाव अधिकृतपणे दिलं गेलं.

*

फोटो काढणारा फोटोत नसतो, हे आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बममध्येही दिसतं. जो काका कॅमेरा घेऊन फिरतो, तो लग्नाला आला होता की नाही असा प्रश्न पंचवीस वर्षांनी पडतो. तोच प्रकार चंद्रावर झाला. 'चंद्रावरचा माणूस' म्हणून जो फोटो आपण लहानपणापासून पाठ्यपुस्तकात पाहत आलो, तो नील आर्मस्ट्राँगचा नाहीच, बझ ऑल्ड्रिनचा आहे. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या छातीवर अडकवलेला होता. त्याला डोळा लावायची खिडकीसुद्धा नव्हती, अंगानेच नेम धरायचा. त्यामुळे मूळ फोटोत ऑल्ड्रिनच्या डोक्याला फ्रेमची वरची कड जवळजवळ टेकते. छापताना वर काळं आकाश वाढवून घेतलं. आर्मस्ट्राँग या फोटोत आहे तो ऑल्ड्रिनच्या काचेत, एक इवलीशी पांढरी बाहुली म्हणून.

आर्मस्ट्राँगचे फोटो काढायचे हे यादीतच नव्हतं. चंद्रावरच्या पहिल्या माणसाचा चंद्रावरचा धड असा एकच फोटो आहे, तोही ऑल्ड्रिन आजूबाजूचा देखावा टिपताना सहज आलेला, पाठमोरा, सावलीत, यानाच्या बाजूला काहीतरी काम करताना. तो आर्मस्ट्राँग आहे हे ओळखायलाही बरीच वर्षं गेली. हे वाचल्यावर मला तो माणूस जास्तच आवडायला लागला. आजच्या सेल्फीच्या जमान्यात ही गोष्ट कुणाला पटायची नाही.

आणि तिसरा, वर एकटाच फिरत राहिलेला मायकल कॉलिन्स. चंद्रावरून परतणाऱ्या 'ईगल'चा त्याने फोटो घेतला. खाली चंद्र, मध्ये ईगल, त्यात दोघे, आणि मागे अर्धी पृथ्वी. लोक म्हणतात की या फोटोत त्या वेळची सगळी माणसं आहेत, एक कॉलिन्स सोडून. आता काटेकोर बोलायचं तर पृथ्वीची पलीकडची बाजू दिसत नाही, म्हणजे कितीतरी जण तिच्या आडच होते. पण इथे इंजिनिअरने गप्प बसावं हे उत्तम.

*

अपोलो-१७ ही शेवटची चांद्रमोहीम. ७ डिसेंबर १९७२ ला, उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, २९,००० किलोमीटरवरून अख्ख्या उजळलेल्या पृथ्वीचा जो फोटो घेतला गेला, तो जगात सर्वाधिक छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एक. सर्नन, एव्हान्स आणि श्मिट या तिघांपैकी कुणी काढला यावर एकमत झालं नाही, म्हणून श्रेय तिघांना मिळून. मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर आहे. आपल्या डोळ्यांना उत्तर वर असायची सवय, म्हणून तो उलटा करून छापतात.

असा सरळ धरला तर त्यात आफ्रिका, अरबस्तान आणि खाली पांढरंशुभ्र अंटार्क्टिका. उजवीकडे वरच्या कडेला ढगांचं एक भेंडोळं आहे. ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तमिळनाडूच्या किनाऱ्याला झोडपून गेलेलं चक्रीवादळ. तिकडे पूर आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी, मिलो, हे सगळं ज्यांनी भोगलं ते अजून घराघरांत आहेत. हा फोटो 'सगळी पृथ्वी एक' वगैरे सांगतो म्हणतात, ते खरंही असेल. पण तेवढ्या उंचीवरून वादळ सुंदर दिसतं आणि दुष्काळ दिसतच नाही, हेही तोच फोटो सांगतो. मला तो पाहताना आताशा आधी ते भेंडोळंच दिसतं.

१९८४ च्या फेब्रुवारीत ब्रूस मॅककँडलेस पाठीवर जेटची खुर्ची लावून, कुठलीही दोरी न बांधता, चॅलेंजर शटलपासून लांब तरंगत गेला. निळ्या-काळ्या पोकळीत एकटा माणूस, असा तो फोटो शटलच्या आतून हूट गिब्सनने काढला. त्यानंतर दोनच महिन्यांनी आपला राकेश शर्मा सोयूझमधून सॅल्यूत-७ वर पोचला. तिथून त्याने भारताचे भरपूर फोटो घेतले, आणि ते चक्क त्याच्या कामाच्या यादीतच होते : जमीन, जंगल, पाणी यांची पाहणी. पण आज आपल्याला त्यातला एक तरी फोटो आठवतो का? आठवतं ते इंदिराबाईंना त्याने दिलेलं एका ओळीचं उत्तर. तेही कुठल्या यादीत नसावं.

*

शेवटचा फोटो माणसाने नाही, यंत्राने काढलाय, पण हट्ट माणसाचाच. व्हॉयेजर-१ हे १९७७ साली निघालेलं यान. १९८० मध्ये शनी पाहून झाला आणि त्याचं फोटोंचं काम संपलं. तेव्हापासून कार्ल सेगन मागे लागला होता की निघता निघता एकदा मागे वळून पृथ्वीचा फोटो घ्या. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात काही मिळणार नाही हे तो स्वतःच मान्य करत होता. विरोध करणाऱ्यांचे मुद्दे इथेही रास्त होते : पृथ्वी सूर्याच्या इतकी जवळ दिसते की कॅमेरा भाजून निघेल, आणि या कामाला माणसं आणि वेळ कुठून आणायचा? प्रकरण वर्षानुवर्षं लांबलं आणि अखेर नासाचे प्रमुख रिचर्ड ट्रूली यांनी होकार दिला.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी, सुमारे सहा अब्ज किलोमीटरवरून, व्हॉयेजरने ६० फोटो घेतले. त्यातल्या एकात, कॅमेऱ्यात शिरलेल्या उन्हाच्या तिरिपेत, पृथ्वी आहे. आकार ०.१२ पिक्सेल. एक अख्खा पिक्सेलसुद्धा नाही! सगळा डेटा यायला मे उजाडला. या फोटोंनंतर कॅमेरे बंद केले, ते कायमचेच. म्हणजे त्या यानाने शेवटचं जे पाहिलं, ते घर.

बोइंगवाले, व्हॉयेजरचे विरोधक, अपोलोच्या टेप पुसणारे, यांतलं कुणीच मूर्ख नव्हतं. ते आपल्यासारखेच होते, हातातलं काम वेळेत आणि पैशात बसवणारे. चंद्रावर माणूस पोचला तो याच लोकांमुळे. फक्त, कशासाठी पाठवलं होतं ते साठ वर्षांनी इतिहासाच्या पुस्तकात राहतं आणि जाता जाता काय दिसलं ते भिंतीवर राहतं. उतरायच्या जागांचे ते हजारो फोटो आज कोण बघतं? त्यामुळे हल्ली मीटिंगमध्ये कुणी 'एवढं एक करून टाकू ना' म्हणालं की मी 'नाही' म्हणायच्या आधी निदान विचारतो, की कशासाठी? बहुतेक वेळा उत्तर फालतूच असतं. पण विचारायला काही खर्च नाही.

बोरमन नोव्हेंबर २०२३ मध्ये गेला. अँडर्स जून २०२४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, एकट्याने छोटं विमान उडवताना अपघातात. लव्हेल ऑगस्ट २०२५ मध्ये. अपोलो-८ चं कुणीच आता नाही. त्या रंगीत रोलच्या फोटोत ते तिघे नव्हतेच, बाकी आपण सगळे होतो. पलीकडच्या बाजूला असलो तरी.